बारवर प्लेट चढवण्याची घाई नको

महोदय,

सर्व वयाची माणसे ताकदीच्या व्यायामाकडे वळत आहेत, हे फार चांगले आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूगटांचा व्यायाम करायला सांगितले आहे. पण नवखी माणसे खांदा, कंबर किंवा गुडघा दुखावून लवकरच थांबतात. त्याचे एक मोठे कारण म्हणजे वजन फार लवकर वाढवणे.

सुरुवातीच्या सहा-आठ आठवड्यांत ताकद भराभर वाढते, ती मुख्यतः मज्जासंस्थेमुळे. एकाच वेळी जास्त स्नायूतंतूंना कामाला लावायला मेंदू शिकत असतो. स्नायूंचा आकार त्यामागून वाढतो आणि स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरा तर आणखी सावकाश मजबूत होतात. त्यामुळे एखादे वजन उचलता आले म्हणजे ते सांध्यांना पेलले, असे धरून चालू नये.

आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस पुरतात, मात्र मध्ये किमान एक दिवस मोकळा हवा. स्क्वॉट (बैठक), डेडलिफ्ट (जमिनीवरचे वजन उचलून उभे राहणे), छातीसाठी पुश-अप किंवा प्रेस (वजन हातांनी ढकलणे), पाठीसाठी रो (वजन अंगाकडे ओढणे) आणि पोटासाठी प्लँक (कोपर व पायाच्या बोटांवर अंग सरळ धरणे), एवढ्यात सगळे शरीर येते. प्लँक सेकंदांवर मोजावा, बाकीच्यांचे ८ ते १२ रेप्सचे दोन-तीन सेट करावेत (रेप म्हणजे एक पूर्ण हालचाल, सेट म्हणजे न थांबता केलेल्या रेप्सची एक फेरी). सेट संपताना ढब न बिघडता आणखी दोन रेप्स निघाले असते, असे वाटले तर वजन योग्य. व्यायामाच्या लागोपाठच्या दोन दिवशी सगळे सेट १२ रेप्सपर्यंत गेले की मगच वाढवायचे: वरच्या अंगाला साधारण अडीच किलो, पायांना पाच. वाढवल्यावर रेप्स पुन्हा ८-९ वर येतात, ते अपेक्षितच आहे. तिथून पुन्हा १२ पर्यंत चढायचे. हे सगळे वहीत लिहावे, कारण मागच्या वेळचा आकडा डोक्यात राहत नाही आणि माणूस अंदाजाने प्लेट, म्हणजे वजनाची चकती, लावतो. प्लेट लावायची पूर्ण मापाची दांडी, म्हणजे बार, रिकामाच २० किलोचा असतो. खांद्याच्या प्रेससाठी तो अनेकांना सुरुवातीला जड पडतो, तेव्हा डंबेल घ्यावेत.

दोन सेटमध्ये दोन ते तीन मिनिटे थांबावे. घाम यावा म्हणून अर्ध्या मिनिटात पुढचा सेट घेतला की स्नायू थकण्याआधी दम संपतो आणि ढब मोडते.

स्क्वॉटमध्ये गुडघे आत वळतात आणि टाचा उचलल्या जातात, या दोन चुका नेहमीच्या. गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेने राहावेत. टाच उचलली जात असेल तर आधी कमी खोल बसावे आणि घोट्याची लवचिकता वाढवावी. डेडलिफ्टमध्ये बार नडगीपासून दूर गेला की कंबरेवरचा ताण वाढतो. बार पायाला जवळजवळ घासत वर यावा आणि हालचाल नितंब मागे ढकलून व्हावी, पाठ गोल करून नव्हे. जोर लावताना श्वास सोडावा. श्वास कोंडला की रक्तदाब एकदम चढतो, म्हणून उच्च रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी सुरुवात करण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

व्यायामानंतर एक ते तीन दिवस अंग दुखते, ते नेहमीचे आहे. सांध्यात टोचणारी, एकाच जागची कळ मात्र वेगळी. ती आली की तो व्यायाम तिथेच थांबवायचा.

प्रशिक्षकांना एक कळकळीची विनंती आहे. सवय नसलेल्या माणसाकडून पहिल्याच दिवशी थकून पडेपर्यंत सेट करवून घेऊ नका. अति श्रमाने स्नायूपेशी फुटतात, त्यातले घटक रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. स्नायू खूप सुजले, हात किंवा पाय हलेनासा झाला, लघवी गडद चहासारखी झाली, तर घरी वाट पाहू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. पहिल्या आठवड्यात प्रत्येक व्यायामाचे हलक्या वजनाचे दोनच सेट द्यावेत आणि तिसरा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जोडावा.

– एक व्यायाम प्रशिक्षक