गेरूचा पट्टा झाकू नका

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत डायनासोरांच्या अंतावरचा लेख वाचला. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी मेक्सिकोत युकातानला आदळलेला साधारण १० किलोमीटरचा अशनी, त्याने पाडलेलं १८० किलोमीटरच्या आसपासचं विवर, पृथ्वीवरच्या पाऊण प्रजातींचा निकाल, सगळं व्यवस्थित सांगितलंय. पण पुण्यात वाचल्या जाणाऱ्या लेखात पुण्याच्या पायाखालच्या दगडाचं नावही नसावं? म्हणून हे पत्र.

मी भूशास्त्राचा माणूस नाही. ३१ वर्षं बोअरच्या गाडीवर काढली. हॅमर काळ्या पाषाणात चालू असला की राखाडी भुकटी उडते. भुवया राखाडी, डब्यातली भाकरीसुद्धा राखाडी. मध्येच ती भुकटी विटेच्या चुऱ्यासारखी लाल होते. "गेरू लागला!" पोरं ओरडायची. मालकाला वाटायचं आता पाणी लागणार, आणि आमची तोंडं पडायची. हा थर ओला झाला की फुगतो, ढासळतो, रॉड अडकतात, केसिंग म्हणजे भोकाला आतून आधार देणारा पाइप वाढवावा लागतो. मग केसिंगच्या पैशावरून भांडण ठरलेलं.

हा गेरू म्हणजे नेमकं काय, हे कळायला मला अर्धी नोकरी लागली. वारज्याला एका बंगल्यात काम चालू होतं. शेजारचे भूगोलाचे निवृत्त मास्तर खुर्ची टाकून बघत बसले होते. त्यांनी चिमूटभर लाल भुकटी तळहातावर घेतली, बोटाने चोळली आणि म्हणाले, "अरे, ही जमीन होती. हिच्यावर पाऊस पडलाय."

आपला काळा पाषाण म्हणजे निवलेला लाव्हा, आणि दख्खनचा हा लाव्हा एका दमात आला नाही. एक थर पसरला, निवला, मग मोठी विश्रांती. तेवढ्यात वरचा दगड झिजून त्याची माती झाली. पुढचा लोट आला आणि तिला भाजून तिच्यावर बसला. लोखंडाच्या गंजाचा आणि त्या भाजणीचा हा रंग. एका बोअरला दोनदा गेरू लागला, तर त्या जागी दोनदा जमीन तयार झाली आणि दोनदा गाडली गेली, असा त्याचा हिशोब. त्या दिवसापासून माझं रॉड अडकल्यावर शिव्या देणं थोडं कमी झालं. बंद नाही झालं.

असा दगड आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय. त्यातला बराचसा लाव्हा १० लाख वर्षांच्या आतबाहेर आला आणि डायनासोरांचा शेवट नेमका त्याच काळातला. लाव्हापेक्षा वाईट त्याच्याबरोबर येणारे वायू. गंधकाच्या वायूने गारठा, कार्बन डायऑक्साइडने पुढे उष्मा. याचा सगळ्यात भयंकर दाखला सैबेरियातला, २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीचा. तिथला लाव्हा दगडी कोळशाच्या थरांतून वर आला, समुद्र तापले, पाण्यातला प्राणवायू घटला आणि समुद्रातल्या जवळजवळ ९० टक्के प्रजाती गेल्या. आपल्याकडे निदान बेडूक तरी तगले. वरळीच्या टेकडीत लाव्हाच्या थरांमधल्या गाळात त्यांचे जीवाश्म सापडलेत.

मग डायनासोर कोणी मारले, अशनीने की लाव्हाने? बहुतेक शास्त्रज्ञांचा कौल अशनीला आहे आणि मलाही तो पटतो. पण लाव्हाची बाजू निकालात निघालेली नाही. २०१९ मध्ये 'सायन्स' या शोधपत्रिकेच्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गटाच्या मते लाव्हाचा एक मोठा लोट अशनीच्या थोडाच आधी आला. तिथल्याच बर्कली विद्यापीठाच्या गटाच्या मते बहुतेक लाव्हा नंतरचा. प्रिन्स्टनवाल्यांनी वेळ कशावरून मोजली? लाल थरांत अडकलेल्या राखेतल्या झिरकॉन या खनिजाच्या बारीक कणांवरून. म्हणजे ज्या गेरूने आमचे रॉड खाल्ले, तेच यांचं घड्याळ!

आता खरं गाऱ्हाणं. गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत जुनी इमारत पाडून पार्किंगसाठी खोल खड्डा घेतला. पूर्वेच्या भिंतीत वर काळा पाषाण, खाली मांजऱ्या म्हणजे भोकाभोकांचा दगड आणि मधोमध वीतभर जाड लाल पट्टा, दोरीने आखल्यासारखा सरळ. तीन आठवडे तो उघडा होता. मी नातवाला आणि त्याच्या चार मित्रांना पत्र्याच्या फटीतून दाखवला. साइटवरच्या इंजिनिअरला म्हटलं, दोन फूट रुंदीची जागा काचेमागे उघडी ठेवा, खाली चार ओळी लिहा. तो म्हणाला, "काका, लीकेज होईल." लीकेजचं त्याचं बरोबर असेल. सोमवारी भिंतीचं काँक्रीट ओतलं गेलं.

बांधकामाचं जाऊ द्या. साताऱ्याकडे जाताना घाटाच्या कापलेल्या कड्यात हे लाल पट्टे गाडीतून दिसतात. दरड पडू नये म्हणून जाळी लावा, शॉटक्रीट म्हणजे फवाऱ्याचं काँक्रीट मारा, जिवापेक्षा काही मोठं नाही. पण जिथे कडा पक्का आहे तिथे दहा फूट तरी पट्टा उघडा सोडावा आणि गाडी थांबवता येईल अशा ठिकाणी मराठीत फलक लावावा. आपल्या पुरवणीने अशा जागांची यादी वाचकांकडून मागवली तर सुरुवात होईल.

त्या खड्ड्यातला मूठभर गेरू माझ्याकडे श्रीखंडाच्या डब्यात ठेवलेला आहे. फलकाखाली मांडायला लागला तर आणून देईन, डब्यासकट.

— एक निवृत्त बोअरवाला, कोथरूड, पुणे