'बस', 'झोप' आणि 'उतर': आमच्या ट्रेनर ताईंचे आभार

प्रिय ताई,

कुत्र्याच्या ट्रेनिंगची चौकशी करायला येणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी विचारतो, "किती दिवसांत शिकेल?" तुम्ही दिवस सांगत नाही. कोरा कागद हातात देता आणि घरातलं कोण कुत्र्याशी कोणता शब्द वापरतं, ते लिहून आणायला सांगता. आमचे पहिले आभार त्या कागदासाठी.

मराठी बोलणाऱ्या घरात शब्दांचा घोळ हमखास असतो. 'बस' म्हणजे खाली टेकायचं, पण भुंकणं थांबवायलाही आपण "आता बस झालं!" असंच ओरडतो. 'खाली बस' म्हटलं की दोन आज्ञा एकात गेल्या, आणि सोफ्यावरून उतरवायलाही 'खाली'च. त्यात घरातलं कुणीतरी 'सिट' म्हणतंच. कुत्रा अर्थ लावत नाही. एक आवाज आणि त्यापाठोपाठ होणारी एक गोष्ट, एवढीच जोडी तो लक्षात ठेवतो. एका आवाजामागे तीन वेगळ्या गोष्टी होत असतील, तर त्या आवाजाकडे तो लक्ष देणंच सोडतो आणि आपण त्याला हट्टी म्हणतो. बसायला 'बस', आडवं व्हायला 'झोप', सोफ्यावरून 'उतर', भुंकणं थांबवायला 'शांत' आणि आज्ञा संपली हे कळवायला 'मोकळा', ही तुमची वाटणी घराघरांत फ्रिजवर लागलेली आहे. 'मोकळा' हा शब्द बहुतेक जण गाळतात. मग किती वेळ बसायचं हे कुत्राच ठरवतो.

तयारीच्या बाकीच्या गोष्टीही तुम्ही कारणांसकट सांगितल्यात. वर्गात येण्याआधी लसीकरण पूर्ण हवं आणि डॉक्टरांकडून तपासणी हवी. बसायचं टाळणाऱ्या कुत्र्याचा खुबा किंवा गुडघा दुखत असू शकतो, आणि दुखण्यावर सराव हा उपाय नव्हे. साधा सपाट पट्टा किंवा हार्नेस आणि सहा फुटी दोरी. आपोआप गुंडाळली जाणारी दोरी नको, कारण ती कायम ताणलेली असते आणि ओढलं की लांब होते. म्हणजे ओढण्याचंच बक्षीस मिळतं. खाऊ मऊ, वाटाण्याएवढा, चावत बसावा लागणार नाही असा. दिवसभराच्या आहाराच्या दहा टक्क्यांच्या आत, आणि तेवढं जेवण कमी. कुत्रा उपाशी नको, पण नुकताच पोटभर जेवलेलाही नको.

मग तुम्ही आमचे हात सुधारलेत, त्याचे आभार थोडे सविस्तर मानायला हवेत. 'बस' शिकवताना खाऊ नाकाला जवळजवळ चिकटवून डोक्यावरून मागे न्यायचा. हात उंच गेला तर कुत्रा उडी मारतो. फार मागे गेला तर तो मागे सरकतो, अशा वेळी भिंतीचा कोपरा कामाला येतो. बूड जमिनीला टेकलं की त्याच क्षणी 'हो' म्हणायचं, म्हणजे 'बरोबर केलंस, खाऊ मिळणार', आणि त्यानंतरच हात खाऊच्या पिशवीकडे. इथेच बहुतेकांची चूक होते. हात आधी हलतो, 'हो' मागून येतो, आणि कुत्रा शब्द ऐकायचं सोडून हातावर डोळा ठेवतो. 'हो'ला दोन-तीन सेकंद उशीर झाला तरी तो 'हो' बसण्यासाठी न राहता पुन्हा उठण्यासाठी ठरतो. चार-पाच वेळा जमलं की हातातला खाऊ काढायचा, हाताची खूण तीच ठेवायची आणि खाऊ पिशवीतून द्यायचा. नाहीतर पुढे तक्रार येते, "खाऊ दिसला तरच ऐकतो."

वर्गाचा तास संपल्यावर जे करायचं, त्यावर तुम्ही सगळ्यात जास्त भर देता आणि ते अगदी योग्य आहे. तीन ते पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. सलग अर्धा तास नाही. जांभया, ओठ चाटणं, उगाच जमीन हुंगणं सुरू झालं की जमणारी एक सोपी गोष्ट करून घ्यायची आणि थांबायचं. स्वयंपाकघरात शिकलेलं 'बस' फाटकापाशी नव्यानं शिकवावं लागतं, कारण कुत्र्याच्या लेखी ती जागाच वेगळी. वेळ, अंतर आणि आजूबाजूची गडबड यांतलं एका वेळी एकच वाढवायचं आणि एक वाढवताना बाकीची दोन कमी करायची. दहांतून आठ वेळा जमलं तर पुढची पायरी, नाहीतर एक पायरी मागे. 'थांब'साठी सेकंदही चढत्या क्रमानं न्यायचे नाहीत: तीन, पाच, दोन, आठ, चार. सतत अवघड होत गेलं की कुत्रा मध्येच उठून जातो. आणि थांबलेल्या कुत्र्याला खाऊ द्यायला आपण त्याच्यापर्यंत जायचं, त्याला बोलवायचं नाही.

'ये' या शब्दाला तुम्ही जपायला शिकवलंत. नखं कापायला, आंघोळीला किंवा खेळ संपवायला 'ये' म्हणायचं नाही. त्यासाठी आपण उठून जायचं. दहा मीटरची लांब दोरी हार्नेसला लावून सराव करायचा आणि एकदाच हाक मारायची. आला नाही तर दुसरी हाक न मारता त्याच्याजवळ जायचं आणि पुढच्या वेळी कमी अंतरावरून बोलवायचं. पाच हाका मारल्या तर पाचवीलाच यायचं असतं, हे तो शिकतो.

अंगावर उड्या मारण्याबद्दल दिलेला इशाराही मोलाचा होता. लक्ष देणं बंद केलं की उड्या कमी होण्याआधी काही काळ वाढतात. नेमक्या त्याच वेळी एखादा पाहुणा "असू दे हो" म्हणत गोंजारतो आणि कुत्र्याला कळतं की जास्त जोरानं मारलेली उडी फळाला येते. म्हणून पाहुण्यांना दाराबाहेरच सांगून ठेवायचं आणि कुत्र्याला दोरी लावल्यावर दार उघडायचं.

टोचणारा किंवा विजेचा झटका देणारा पट्टा तुम्ही कधी वापरला नाहीत. धाकानं गप्प केलेला कुत्रा आतून घाबरलेलाच राहतो आणि गुरगुरण्याची सूचना द्यायचं सोडतो, हे तुम्ही घाईतल्या पालकांनाही तितक्याच शांतपणे समजावता. त्याबद्दल मनापासून आभार.

नव्या तुकडीच्या कागदात एक रकाना वाढवाल का? घरात कामाला येणाऱ्या मावशी आणि शेजारची मुलं कोणते शब्द वापरतात, तेही लिहून घ्यायला हवं.

तुमच्या वर्गातली,
कुत्री सांभाळणारी मंडळी