डायनोसॉर वरोऱ्याकडे पण होते, संपादक साहेब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतलं डायनोसॉरचं पान वाचलं. चित्रं झकास होती, नातवाने कापून कपाटाला चिकटवली पण, पण अख्खं पान वाचून झाल्यावर मुलांचा समज काय होणार, तर डायनोसॉर हा प्रकार फक्त अमेरिकेत होता आणि मेक्सिकोत लघुग्रह पडला तसा एका दुपारी आटोपला. भारताचा उल्लेख शून्य, महाराष्ट्राचं तर नावच नको. आणि पेपर निघतो कुठून, तर पुण्यातून, म्हणजे ज्या काळ्या दगडावरून गेली चाळीसेक वर्षं जगभरातले शास्त्रज्ञ एकमेकांशी भांडतायत त्याच दगडावर तुमचं ऑफिस उभं आहे.

मी पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेला माणूस, जन्म गेला तो काळा पाषाण, मांजऱ्या खडक आणि गेरूचे थर बघण्यात, त्यामुळे हे पत्र जरा लांबेल, कापायचं तिथे कापा.

आधी आपल्याकडच्या जनावरांबद्दल. चंद्रपूर जिल्ह्यातलं वरोरा आनंदवनामुळे सगळ्यांना माहितीये, त्याच्याजवळ पिसदुरा आणि डोंगरगाव ही दोन गावं आहेत. डोंगरगावच्या टेकडीत लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या एका अजस्र डायनोसॉरची हाडं मिळाली, त्याचं नाव इसिसॉरस, आणि ते नाव आलंय कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या आद्याक्षरांवरून. हो, आकडेमोड करणाऱ्या संस्थेवरून, तिचे संस्थापक महालनोबिस यांनी तिथे भूशास्त्राचा विभाग पण काढला होता आणि त्या लोकांनी प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात, म्हणजे आपल्या सिरोंच्याच्या पलीकडच्या बाजूला, बारापासॉरस नावाचा त्याहून कितीतरी जुना डायनोसॉर शोधला. रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६१ ला, हाडं हाती लागली म्हणून त्याचं पूर्ण नाव बारापासॉरस टागोरी. सांगाडा कोलकात्यात उभा आहे.

पिसदुऱ्याची गोष्ट तर मला टी-रेक्सपेक्षा भारी वाटते. तिथे डायनोसॉरच्या काळातली विष्ठा दगड होऊन पडलेली आहे, भरपूर. हसू नका, त्या विष्ठेने विज्ञानातली एक ठाम समजूत मोडली. तोपर्यंत सगळे म्हणायचे की डायनोसॉरच्या काळात गवत नव्हतंच, गवत नंतर आलं. २००५ साली भारतीय आणि स्वीडिश संशोधकांनी ती विष्ठा तपासली तर आत गवताच्या पेशींमधले सिलिकाचे बारीक कण निघाले, ते पण एका नाही निदान पाच प्रकारच्या गवतांचे, आणि पुढच्या अभ्यासात त्यातले काही भाताच्या कुळातले निघाले. म्हणजे भाताचे जुने नातलग विदर्भात डायनोसॉर चरत होते. ही बातमी तुमच्या पानात नको होती का?

नर्मदेच्या बाजूला गेलात तर अजून खजिना. जबलपूरला कॅप्टन स्लीमन, तोच ठगांचा बंदोबस्त करणारा, त्याला १८२८ मध्ये हाडं सापडली, तेव्हा डायनोसॉर हा शब्दसुद्धा जन्माला आला नव्हता, तो आला १८४२ ला. गुजरातेत बालासिनोरजवळ राजासॉरस मिळाला, डोक्यावर छोटं शिंग असलेला मांसाहारी, २००३ मध्ये त्याचं बारसं झालं, आणि त्याचे जवळचे नातलग मादागास्करमध्ये सापडतात कारण भारत आणि मादागास्कर आधी चिकटलेले होते. गुजरातेतच डायनोसॉरच्या घरट्यात वेटोळं घालून बसलेला साडेतीन मीटरचा साप मिळाला, शेजारी फुटलेलं अंडं आणि नुकतं जन्मलेलं पिल्लू, सगळं तसंच्या तसं गाडलं गेलेलं. तो दगड नागपूरचे भूशास्त्रज्ञ धनंजय मोहबे यांनी शोधला होता, आणि त्यात साप आहे हे कळून तो जगासमोर यायला २०१० उजाडलं. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात ९२ घरटी आणि २५६ अंडी मोजल्याचं २०२३ मध्ये छापून आलं. त्याच भागात काही शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या शेतातले गोल दगड काकर भैरव म्हणून पूजत होते, ती डायनोसॉरची अंडी निघाली. देव म्हणून ठेवली म्हणून टिकली तरी, नाहीतर बांधात गेली असती.

आता तुमच्या 'एका दुपारी संपले' बद्दल. लघुग्रह पडला हे खरंच आहे, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, रुंदी दहा किलोमीटरच्या आसपास, मेक्सिकोच्या युकातान भागात त्याचं १८० किलोमीटर व्यासाचं विवर गाडलेलं आहे, आणि त्याचा पहिला पुरावा, मातीच्या एका पातळ थरातलं इरिडियम (जमिनीवर दुर्मिळ, पण अवकाशातल्या दगडांत भरपूर असणारा धातू), अमेरिकेतल्या अल्वारेझ या शास्त्रज्ञ बापलेकांच्या टीमने १९८० मध्ये मांडला. पण त्याच सुमाराला इकडे आपला सह्याद्री तयार होत होता. जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहत होता, थांबत होता, परत वाहत होता, सात-आठ लाख वर्षं, आणि भाकऱ्यांच्या चवडीसारखे एकावर एक थर साचत गेले. आज उरलेला भाग पाच लाख चौरस किलोमीटर आहे. पर्वती, सिंहगड, वेताळ टेकडी, पाताळेश्वराची लेणी सगळं त्यातलंच. दोन काळ्या थरांच्या मध्ये घाटात जो लाल पट्टा दिसतो तो म्हणजे मधला निवांत काळ, दगड कुजून माती झाली, राख पडली, पुन्हा लाव्हा आला आणि ती माती भाजून निघाली.

या लाव्हाबरोबर प्रचंड सल्फर डायऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला, हवामान वरखाली झालं. प्रश्न एवढाच की डायनोसॉरना मारलं कोणी, लघुग्रहाने का दख्खनच्या ज्वालामुखीने. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गेर्टा केलर बाई वर्षानुवर्षं ज्वालामुखीच्या बाजूने भांडल्या. २०१९ मध्ये सायन्स या नियतकालिकात दोन टीमचे निबंध एकाच वेळी आले, दोघांनी आपल्याच घाटातले दगड नेले होते. प्रिन्स्टनवाल्यांनी लाल थरांतल्या झिर्कॉन नावाच्या बारीक स्फटिकांचं वय मोजलं आणि म्हणाले लाव्हाचा एक मोठा लोट लघुग्रहाच्या हजारो वर्षं आधीच आला, बर्कली विद्यापीठवाले म्हणाले छे, पाऊण लाव्हा तर लघुग्रहानंतरचा आहे, कदाचित त्या धक्क्यानेच जोर वाढला असेल. आणि या निबंधांमध्ये थरांची नावं काय, तर पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, भीमाशंकर, खंडाळा! पोलादपूरकडून महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी खायला जाताना आपण आंबेनळी घाटात उलट्या करतो तो घाट परदेशातल्या भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतो.

माझं विचाराल तर आज पारडं लघुग्रहाकडेच झुकलंय आणि ते मला पटतं, कारण कच्छमध्ये अंजारला दोन लाव्हांच्या मधल्या थरात डायनोसॉरची हाडं मिळालीत, म्हणजे लाव्हा वाहिला तरी ही मंडळी परत येऊन राहत होती. पण म्हणून ज्वालामुखीचं नावच गाळायचं हे काही बरोबर नाही, पुण्याच्या पेपरने तर नाहीच नाही.

शिवाय 'सगळे डायनोसॉर नष्ट झाले' हे पण अर्धवट आहे. पक्षी हे डायनोसॉरच आहेत, मांसाहारी डायनोसॉरच्या एका शाखेतून आलेले, १९९६ मध्ये चीनमध्ये पिसांसारखे तंतू असलेला छोटा डायनोसॉर मिळाल्यावर शंका फारशी उरली नाही. आकार लहान, चोच असल्यामुळे जमिनीतलं बी टिपून खाता येतं, महिनोन्‌महिने लघुग्रहाच्या धुळीने अंधार पडून झाडं मेली तरी बी राहतं, त्यामुळे काही पक्षी निभावले असावेत. मोठ्यांना ते जमलं नसणार, त्यात काहींची अंडी उबायलाच पाच-सहा महिने लागायचे.

मुलांना घेऊन कुणी वेताळ टेकडीवर हाडं शोधायला जाऊ नका म्हणजे झालं, तिथे मिळणार नाहीत, तो सगळा लाव्हा आहे. हाडं मिळतात ती बहुतेक लाव्हाच्या खालच्या गाळाच्या खडकात, लॅमेटा म्हणतात त्याला, आणि तो उघडा पडलाय चंद्रपूर, जबलपूर, गुजरात अशा कडेच्या भागात. पुढच्या वेळी पिसदुऱ्याला एखादा वार्ताहर पाठवा, फोटो छापा, दगड उचलून आणू नका म्हणावं.

ता.क. पान ३ वर ज्याला 'उडणारा डायनोसॉर' म्हटलंय तो टेरोसॉर आहे, तो डायनोसॉर नव्हे, वेगळी शाखा. आणि स्टेगोसॉरस आणि टी-रेक्सची मारामारी दाखवलीये त्या दोघांत जवळपास आठ कोटी वर्षांचं अंतर आहे, तेवढी दुरुस्ती छापावी.

आपला,
एक जुना वाचक, कोथरूड, पुणे