मेंदूतला फुगा आणि रात्री एकची सही

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

मी गंगाखेड तालुक्यातला प्राथमिक शिक्षक. मागच्या पावसाळ्यात माझ्या वहिनी भाकरी थापता थापता डोकं धरून खाली बसल्या. "डोक्यात काहीतरी फुटलं," एवढंच बोलल्या आणि ओकायला लागल्या. गावातल्या दवाखान्यात पित्ताचं इंजेक्शन दिलं, दिवस तसाच गेला. परभणीत सीटी स्कॅन केल्यावर कळलं, मेंदूच्या रक्तवाहिनीला आलेला फुगा, म्हणजे अॅन्युरिझम, फुटला होता. असा फुगा पुन्हा फुटायचा धोका पहिल्या 24 तासांत सगळ्यात जास्त. आमचे ते तास इंजेक्शनात आणि रस्त्यात गेले.

खरी पंचाईत पुढे झाली. संभाजीनगरला अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचं चित्र काढणारी तपासणी, झाली. तिथले डॉक्टर म्हणाले, कवटी उघडून फुग्याला बारीक चिमटा, म्हणजे क्लिप, लावू. पुतण्यानं स्क्रीनचा फोटो दुसऱ्या शहरातल्या दवाखान्याला व्हॉट्सअॅपवर पाठवला. तिकडून निरोप आला, उघडू नका, मांडीच्या धमनीतून नळी घालून फुग्यात कॉइल, म्हणजे बारीक तारेची गुंडाळी, भरू, सोबत रक्तवाहिनीत बसणारी जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, लागेल. सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेच्या खिडकीवर विचारलं, तर स्टेंटचे पैसे बसतात का हे कुणाला सांगता येईना. रात्री एक वाजता दादापुढे संमतीपत्र आलं.

ड्यूटीवरच्या एका तरुण डॉक्टरनं चिठ्ठीच्या पाठीमागे चित्र काढलं. रक्तवाहिनीचा फाटा, आणि फाट्यावर द्राक्षाएवढा गोळा. पेन टेकवून म्हणाला, "फुग्याची मान, म्हणजे तोंड, रुंद आहे. नुसती प्लॅटिनमची कॉइल भरली तर ती बाहेर सरकेल. स्टेंट टाकला तर रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या द्याव्या लागतील, आणि फुगा तर कालच फुटलाय." फ्लो डायव्हर्टर नावाची बारीक जाळीही असते, पण तिनं फुगा बंद व्हायला महिने लागतात, आणि गोळ्या तिलाही लागतातच. न फुटलेल्या मोठ्या फुग्याला ती चांगली. क्लिप लगेच बंद करते आणि सहसा टिकते, पण कवटी उघडावी लागते. पाच मिनिटांत आम्हा अडाण्यांना सगळं उमगलं. दादानं सही केली.

नंतर मी वाचत गेलो. 2002 साली आयसॅट हा 2143 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षभरानंतर मृत किंवा परावलंबी झालेल्यांचं प्रमाण कॉइलच्या गटात सुमारे 24 टक्के होतं, क्लिपच्या गटात सुमारे 31. तेव्हापासून "कॉइलच चांगली" असं सरसकट सांगितलं जातं. पण त्या अभ्यासात घेतलेले रुग्ण दोन्ही उपाय चालतील असे होते. फाट्यावरचा रुंद मानेचा किंवा 25 मिलिमीटरहून मोठा फुगा असेल तर तो आकडा उत्तर देत नाही. तिथं क्लिप लावणारा आणि कॉइल भरणारा, दोघांनी एकच चित्र एकत्र बसून पाहावं लागतं.

साहेब, माझं मागणं एवढंच आहे. मराठवाड्यातल्या कुठल्याही जिल्ह्यात असा रुग्ण सापडला की त्याची अँजिओग्राफी सरकारी यंत्रणेतून दोन्ही प्रकारच्या तज्ज्ञांसमोर त्याच दिवशी जावी, आणि दोघांचं मिळून एक मत लेखी यावं. पोरासोरांच्या मोबाइलवर ही निवड सोडू नका. महात्मा फुले योजनेत क्लिप, कॉइल, स्टेंट, जाळी यांपैकी काय किती बसतं, हे प्रत्येक खिडकीवर मराठीत लावा, म्हणजे आकार बघून उपाय ठरेल, खिसा बघून नाही. अचानक उठलेली, जन्मात कधी झाली नाही अशी डोकेदुखी आली की आधी सीटी स्कॅन, हे प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या प्रत्येकाला शिकवा. गोळी-इंजेक्शन मागाहून.

वहिनी आज चालतात, बोलतात. शब्द मधेच अडतात, आणि उजव्या हातानं भाकरी थापता येत नाही. पहिला दिवस वाचला असता तर काय झालं असतं, हा विचार दादाला रात्री झोपू देत नाही.

त्या डॉक्टरनं काढलेल्या चित्राची झेरॉक्स, नाव झाकून, सोबत जोडली आहे. प्रत्येक संमतीपत्राच्या मागे तसं एक चित्र छापता येईल.

आपला,
गंगाखेड तालुक्यातला एक शिक्षक