बेघरांना आसरा, पण बिनव्याजी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

देवस्थानांनी गरिबांसाठी घरे बांधून द्यावीत, अशी सूचना वाचकांच्या पत्रांत अधूनमधून दिसते. फुकट घरे वाटण्याचे राहू द्या. देवस्थानांनी घरासाठी कर्ज द्यावे आणि फक्त व्याज सोडावे, एवढेच माझे म्हणणे. पतसंस्थेत कर्जाच्या टेबलावर 27 वर्षे काढली, म्हणून हे बोलतो.

पाच लाखांचे कर्ज, 12 टक्के व्याज, 15 वर्षांची मुदत धरा. हप्ता सहा हजारांच्या आसपास येतो. त्या पहिल्या सहा हजारांतले पाच हजार नुसत्या व्याजात जातात. धुणीभांडी करणारी एक बाई दर महिन्याला पावती उलटसुलट करून विचारायची, "भाऊ, मुद्दल हलली का?" तोच हप्ता बिनव्याजी असता, तर सात वर्षांत तिचे घर मोकळे झाले असते.

2006 साली दिवाळीनंतर अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर आमच्या मावळात, मळवलीला आले होते. वय 82, हातात थापी, सोबत पत्नी रोझलिन. देशोदेशीचे स्वयंसेवक शंभर घरांच्या कामाला लागले होते. लोकांच्या लक्षात मात्र ब्रॅड पिट आला होता तेवढेच राहिले! माझा भाचा दोन दिवस घमेली उचलून आला. तळहाताला फोड आले होते. सांगत होता, ज्या बाईचे घर होते ती आमच्याआधी येऊन भिंतीवर पाणी मारत असायची.

हे काम 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी'चे. मिलर्ड फुलर या धनाढ्य वकिलाने संपत्ती वाटून टाकली आणि 1976 मध्ये पत्नी लिंडासह ही संस्था काढली. गरिबाला दिलेल्या पैशावर व्याज घेऊ नये, हे बायबलमधले वचन त्यांनी शब्दशः घेतले. मूळ पद्धत अशी: नफा नाही, व्याज नाही, घर घेणाऱ्याने स्वतः अंगमेहनत करायची आणि त्याच्या हप्त्यांतून पुढच्याचे घर उभे राहायचे. धर्मांतराची शंका येणाऱ्यांसाठी सांगतो, धर्म पाहून घर द्यायचे नाही हा संस्थेचा नियमच आहे. याउलट मुंबईतल्या पारशी बागांनी, म्हणजे पारशी वसाहतींनी, कमी भाड्यात पिढ्या सांभाळल्या, पण आपल्या समाजापुरत्या.

आपल्याकडे हा विचार नवा नाही. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत 'भुकेलेल्यांना अन्न' आहे, तसाच 'बेघरांना आसरा'ही आहे. पहिले सूत्र आपण भंडाऱ्यांतून मनापासून पाळतो. दुसरे बाबांनी बांधलेल्या धर्मशाळांपाशीच थांबले.

गेल्या वर्षी आमच्या गावच्या देवस्थानात दुसऱ्या सभामंडपाचा विषय निघाला, तेव्हा मी हे बोललो. त्यातल्या थोड्या पैशांतून दोन घरांपुरता फिरता निधी काढा, धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागेल तर रीतसर मागू, असे सुचवले. एक विश्वस्त म्हणाले, "हप्ता थकला तर देवाच्या नावाने वसुलीला कोण जाणार?" सगळे हसले. सभामंडपाचा ठराव मंजूर झाला.

वसुलीला मी जाईन. आयुष्यभर तेच केले आहे, आणि थकबाकीदारांत धुणीभांडी करणाऱ्या बायका मला क्वचितच भेटल्या.

आपला,
एक निवृत्त पतसंस्था कर्मचारी
ता. मावळ, जि. पुणे