पाइप ठोका, पण जागा पाहून

महोदय,

उन्हाळा तापला की घरच्या घरी पाइप ठोकून हातपंप बसवायचे बेत सुरू होतात. बेत वाईट नाही, पण नागपुरात तो सगळीकडे चालत नाही. शहराच्या पश्चिम भागात काळी माती, मग मुरूम आणि खाली बेसाल्ट. पूर्वेकडे नाइस हा कठीण खडक. तिथे घण कितीही घाला, पाइप वाकतो नाहीतर आटे जातात. ही पद्धत कन्हानकाठच्या रेतीची आहे, कामठी-मौद्याकडची. त्यातही आधी मे महिन्यात शेजारच्या विहिरीत दोरी सोडून पाणी किती खाली आहे ते मोजावे. वर बसवलेला पंप पाणी ओढतो तो हवेच्या दाबावर. सुमारे ३१० मीटर उंचीवरच्या आपल्या भागात असे पाणी ओढण्याची मर्यादा व्यवहारात सात मीटर, म्हणजे २२-२३ फूट. पाणी त्याखाली गेले तर मोटारीचा हॉर्सपॉवर वाढवूनही उपयोग शून्य. पाइप मात्र त्याहून खोल गेला तरी चालतो.

पाइप सव्वा इंची, जाड जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा), लाल पट्टीवाला घ्यावा. खालच्या तीन फुटांत ५ मिलिमीटरची भोके पाडून वर पितळी जाळी डाख देऊन बसवावी. टोकाचा भाला पाइपपेक्षा रुंदच हवा, नाहीतर रेती जाळी फाडते. कपलिंगच्या आत दोन्ही पाइपांची टोके एकमेकांना टेकलेली असावीत. फट राहिली की घाव आट्यांवर बसतो. घण थेट पाइपावर नको, वर टोपी बसवा. दर पाच-सहा घावांनंतर पान्याने पाइप उजवीकडे थोडा आवळावा आणि ओळंबा पाहावा. सांध्यांना सफेदा-सुतळी नीट लावा. सुईएवढ्या फटीतूनही हवा शिरते.

दोरीला नट बांधून आत सोडला की दोरी किती ओली झाली त्यावरून पाइपात पाणी किती ते कळते. पाइपात बादलीभर पाणी ओता: झटकन खाली गेले तर जाळी रेतीत आहे, तुंबले तर चिकणमातीत. अजून दोन फूट ठोका.

पंपाचा दट्ट्या जुगाडाने होतो: पीव्हीसी पाइप, लाकडी चकत्या, रात्रभर तेलात भिजवलेली चामड्याची वाटी, सायकलच्या ट्यूबची झडप. खाली फूटव्हॉल्व्ह (पाणी परत उतरू न देणारी झडप) चांगल्यापैकी घ्या, इथे काटकसर नको. त्यात रेतीचा एक कण अडकला तरी सकाळी पंप कोरडा. दांडा दाबताना जड जाऊन सोडल्यावर परत ओढला जातो? जाळी बुजली किंवा पाणी खोल गेले. दांडा हलका, पाणी नाही? हवा शिरते आहे. सुरुवातीला पंप सावकाश चालवावा, रेती यायची थांबेपर्यंत.

सेप्टिक टँकपासून किमान ५० फूट दूर राहा. भाल्यामुळे पाइपाभोवती पोकळी राहते, ती चिकणमातीने बंद करून वर सिमेंटचा ओटा घालावा. सांडपाण्यातून नायट्रेट पाण्यात उतरते; पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. ते उकळून जात नाही, पाणी आटल्याने उलट वाढते. तपासणी होईपर्यंत ते पाणी तान्ह्या बाळाच्या दुधात घालू नका.

– एक वाचक, नागपूर