नान भाजला म्हणून वॉरंटी नाही, हे लेखी द्या

प्रति,
ग्राहक सेवा विभाग प्रमुख

विषय: ओव्हनमध्ये तडकलेला पिझ्झा स्टोन आणि नाकारलेली वॉरंटी

तुमच्या ग्राहक सेवेशी बोलून आत्ताच फोन ठेवला. यापुढे फोन करणार नाही, म्हणून लिहिते आहे. बिल, तक्रार क्रमांक, तुकड्यांचे फोटो सगळं तुमच्याकडे आहे. फोटो तर दर वेळी नव्याने मागितले गेले आणि दर वेळी मी ते पाठवले.

तुमचा १२ इंची गोल पिझ्झा स्टोन, म्हणजे ओव्हनमध्ये तापवून त्यावर पिझ्झा किंवा नान भाजायचा दगड, रविवारी दुपारी आमच्या ओटीजीत (घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये) दुभंगला. तो मी थंड ओव्हनमध्येच ठेवते आणि ओव्हनबरोबरच तापवते. २५० अंशांवर पाऊण तास तापवला होता. पहिले नान छान फुगले, तळाला हवे तसे डाग पडले. पुढचा टाकला आणि फट्कन आवाज झाला. अर्धा स्टोन जाळीवरून घसरून खालच्या रॉडवर आदळला, रॉड वाकला. त्या क्षणी दार उघडं असतं आणि माझी मुलगी नेहमीसारखी समोर उभी असती, तर हे पत्र वेगळं झालं असतं. घरी जेवायला पाहुणे होते, मळलेला मैदा फुगून तयार होता. ते सगळं जाऊ दे.

आता आजचा फोन. तुमच्याकडे रेकॉर्डिंग असेलच, ते वरिष्ठांनी स्वतः ऐकावं.

पहिला प्रश्न आला, ‘मॅडम, स्टोनवर काय केलं होतं?’ मी सांगितलं, नान. थोडा वेळ शांतता. मग, ‘नान म्हणजे रोटीच ना?’ मी म्हटलं, मैद्याचा, दही-यीस्ट घातलेला नान. त्यावर उत्तर, ‘मग प्रॉब्लेम तिथेच आहे मॅडम. हा पिझ्झा स्टोन आहे. पिझ्झा केला असता तर वॉरंटीत बसलं असतं.’ मी विचारलं, पिझ्झाच्या आणि नानच्या पिठात दगडाला कळेल असा काय फरक आहे? ‘नानचं पीठ ओलं असतं.’ पिझ्झाचं पीठ कोरडं असतं का? वर सॉस असतो, चीज वितळून दगडावर सांडतं, त्याचं काय? ‘ते कंपनीने टेस्ट केलेलं आहे.’ मग तुमच्याच खोक्यावर पिझ्झाशेजारी नानचा फोटो कशाला छापलाय? ‘ते फक्त चित्र आहे मॅडम.’ आणि शेवटी, मी अजून बोलत असतानाच, ‘रोटीसाठी घरात तवा असतो ना? तवा वापरायचा.’

चाळीस वर्षांच्या बाईला, जी रोज पोळ्या करते, तव्याची माहिती तुमच्या कंपनीकडून घ्यायची नाही. तवा कशासाठी आणि दगड कशासाठी हे मला माहीत आहे, म्हणूनच मी स्टोन घेतला. तवा फक्त खालून तापतो. नानला खालून एकदम जोरात आणि त्याच वेळी वरूनही उष्णता लागते. दगड पाऊण तास उष्णता साठवतो, गोळा पडल्या पडल्या ती तळाला देतो, पिठातल्या पाण्याची झटक्यात वाफ होते आणि पापुद्रा कडक व्हायच्या आत नान फुगतो. दोन-तीन मिनिटांत काम होतं. गोरेगावच्या फ्लॅटमध्ये तंदूर बसवता येत नाही. त्याच्या जवळ जाणारी ही एकच सोय आहे. हे तुम्हाला माहीत नसेल असं नाही, तुम्ही ह्याच गोष्टीवर स्टोन विकता.

याआधीच्या फोनवर कारण वेगळं होतं. तेव्हा सांगितलं, ‘मुंबईत पावसाळा आहे, स्टोनने दमट हवा ओढली असेल.’ दगड सच्छिद्र असतो हे खरं. म्हणूनच मी तो कधी साबणाने धुतला नाही, पाण्यात बुडवला नाही, फक्त खरवडून पुसला. आणि ओव्हनमधून तो बाहेरच काढत नाही. पण समजा दमटपणाच कारण आहे, तर मुंबईत माल विकताना माहितीपत्रकात त्याबद्दल एक ओळ का नाही? आधी मंद आचेवर वाळवून घ्या, एवढं लिहायला काय हरकत होती? कारण एकदा ओलं पीठ, एकदा ओली हवा. खरं कारण अजून कोणी सांगितलेलं नाही.

माझा खरा प्रश्न हा आहे. खोक्यावर ‘कॉर्डिराइट’ असं ठळक छापलं आहे. कॉर्डिराइट हे उष्णता सोसणारं खनिज तापल्यावर फार कमी प्रसरण पावतं, म्हणूनच मातीची भांडी भाजायच्या भट्टीतल्या फळ्या त्याच्या करतात. त्या भट्ट्या १००० अंशांच्या वर जातात. असा दगड घरगुती ओव्हनमध्ये २५० अंशांवर, हाताएवढ्या नानमुळे फुटतो? मग हा खरंच कॉर्डिराइट आहे की साधी सिरॅमिकची चकती? हा प्रश्न मी प्रत्येक फोनवर विचारला. प्रत्येक वेळी उत्तराऐवजी ‘फोटो पाठवा’ ऐकलं. फोटोत दगडाचा घटक दिसत नाही.

तुमची भांडी माझ्या सासूबाईंच्या काळापासून आमच्या घरात आहेत. बहिणीच्या लग्नात मी तुमचाच सेट दिला. हा स्टोनही नाव बघून घेतला, स्वस्तातला शेजारी ठेवलेला असताना. त्या नावाचा आता राग येतो, आणि वाईटही वाटतं.

मला पुढच्या खरेदीवरचं कूपन नको. स्टोनचे पूर्ण पैसे आणि ओटीजीच्या रॉडच्या दुरुस्तीचा खर्च हवा. स्टोन कशाचा बनवला आहे त्याचं लेखी उत्तर हवं. आणि ‘नान केल्यास वॉरंटी लागू नाही’ हे तुमचं धोरण असेल तर तेही कंपनीच्या लेटरहेडवर, सहीनिशी हवं.

स्टोन तुमच्याच संकेतस्थळावरून घेतला आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याच्या आत व्हायला हवं. पोच म्हणजे ‘तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ हे रेकॉर्डिंग नव्हे. उत्तर आलं नाही तर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला तक्रार जाईल आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि २०१९ च्या कायद्याने मी राहते तिथल्या आयोगात दाद मागू शकते. खोक्यावरचा नानचा फोटो पहिला पुरावा म्हणून जोडेन.

दोन्ही तुकडे जपून ठेवले आहेत. तपासायला न्यायचे असतील तर माणूस पाठवा आणि नेल्याची पावती द्या. कुरिअरचा खर्च मी करणार नाही.

एक ग्राहक,
गोरेगाव (पूर्व), मुंबई